लॅकरचा दुसरा हात: वरच्या तीस हातोड्यांची नोंद

घरच्या जुन्या उभ्या पियानोला मी गेल्या वर्षी नव्या हातोड्या (तारांवर आपटणारे, दाबलेल्या लोकरीचा नमदा चढवलेले लाकडी ठोके) बसवल्या, आणि तेव्हापासून वरच्या अडीच सप्तकांचे स्वर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे येत होते. खालच्या पट्ट्यांना तो मऊपणा शोभतो, म्हणून तिकडे मी हात लावलेला नाही. लॅकर, म्हणजे नमदा कणखर करणारे पातळ वार्निश, पाजायचे ठरवले ते डावीकडून मोजलेल्या 59 ते 88 या तीस हातोड्यांनाच.

आपल्या हातोड्या कोणत्या जातीच्या आहेत, हे मात्र आधी ओळखावे. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे पियानोंतला नमदा हलक्या दाबाचा असतो आणि लॅकरने तो कणखर केला जातो. याउलट घट्ट दाबलेल्या जर्मन धाटणीच्या हातोड्या सुया टोचून सैल कराव्या लागतात. माझ्या पहिल्या जातीच्या आहेत. दुसरीला लॅकर पाजण्याच्या भानगडीत पडू नये.

पहिली संध्याकाळ तारांतच गेली. हातोडी तारांना अलगद टेकवून धरायची, दाबगादी (तारेचा आवाज थांबवणारी गादी) उचललेली ठेवायची आणि त्या स्वराच्या तिन्ही तारा नखाने एकेक करून छेडायच्या. एखादी तार तरीही वाजत राहिली, तर हातोडी तिला टेकतच नाही असे समजावे. अशा सात जागा निघाल्या. तानपुऱ्याची जवारी काढताना दोरा केसभर सरकला की आस पालटते, तसाच हा केसभराचा मामला आहे, आणि तो चुकला तर लॅकर कितीही पाजले तरी व्यर्थ.

लॅकर म्हणून फर्निचरचे पॉलिशवाले वापरतात तेच नायट्रोसेल्युलोजचे सँडिंग सीलर घेतले आणि एका भागाला चार भाग थिनर घातले. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लॅकर पांढुरके होते. त्यामुळे मी नोव्हेंबरपर्यंत थांबलो. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि देवापुढचा दिवासुद्धा त्या दिवशी लावला नाही.

हातोड्यांची यंत्रणा बाहेर काढून तारांकडची बाजू वर ठेवून निजवली, म्हणजे हातोड्यांची टोके वर येतात आणि ओघळ लाकडी गाभ्याकडे उतरतो. सिरिंजने प्रत्येक खांद्यावर, म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंच्या उतारावर, चार थेंब सोडले. नमदा क्षणभर काळवंडतो, थेंब आत ओढून घेतो, आणि ओलीची कड हळूहळू गाभ्यापर्यंत पोचताना डोळ्यांना दिसते. टोकावर मात्र थेंब पडू द्यायचा नाही.

तो माझ्याकडून पडलाच. 71 आणि 72 या दोन हातोड्यांच्या टोकांवर हात घसरला, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वरांआधी नखाने काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येऊ लागला. टोकावर नुसत्या थिनरचे तीन थेंब टाकून कवच आत जिरवले, तेव्हा 72 सुधारली. 71 च्या टोकाला मग बारीक सुईने अगदी वरवर टोचावे लागले, तरी ती अजून किंचित करकरते.

पहिल्या हातानंतर चोवीस तासांनी फरक जेमतेम वाटला आणि दुसरा हात लगेच देण्याचा मोह झाला, पण आणखी एक दिवस थांबल्यावर स्वर आपोआपच उजळले. म्हणून दुसरा हात 76 पासून वरच्यांनाच, तोही निम्म्या थेंबांचा दिला. आता हळू वाजवताना गोडवा टिकतो आणि जोराने वाजवल्यावर धार येते. 84 पासून पुढे अजून लाकडाची ठकठक स्वरापेक्षा मोठी आहे. पुढच्या रविवारी तेवढ्या पाच हातोड्यांची टोके बारीक पॉलिशपेपरने घासून पाहणार आहे.