सुट्टीत काय वाचू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एप्रिल लागला की मॅनेजमेंट शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांना हा प्रश्न ठरलेला. कुणी वर्गाबाहेर गाठतं, तर कुणी बाजारात मानकुराद आंब्याचा भाव करता करता विचारतं, "सर, सुटयेंत कितें वाचूं?"

पूर्वी माझ्याकडे दहा पुस्तकांची छापील यादीच होती. वरचा मान मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'ला (2011). एका जूनमध्ये एक विद्यार्थिनी ते पुस्तक घेऊन केबिनमध्ये आली. अनुभवणारा 'मी' आणि आठवणारा 'मी' यांत कानमन जो फरक करतात, त्यावर तिला बोलायचं होतं. तो विषय येतो शेवटच्या, पाचव्या भागात. माझ्या प्रतीत खुणेला घातलेलं कदंब बसचं तिकीट तिसऱ्या भागातच अडकलं होतं, आणि तिसरा भाग नेमका फाजील आत्मविश्वासावर आहे. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत तिला सगळं कळलं असावं.

त्या दिवशी यादी फाडली. प्राध्यापकाची यादी म्हणजे पुष्कळदा त्याच्या कपाटाचा फोटो असतो. आता शेवटच्या पानापर्यंत गेलो तेवढंच सांगतो, त्यामुळे दहाची तीन झाली.

पहिलं एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स यांचं 'द गोल' (1984). कारखान्यावरची कादंबरी आहे. मूळचे भौतिकशास्त्राचे गोल्डरॅट, पण कथेत सूत्रं फारशी येत नाहीत. बंद पडायला आलेला कारखाना सावरायला नायकाला तीन महिने मिळतात. मधेच तो मुलाच्या स्काउट पथकाबरोबर डोंगरातल्या वाटेने चालायला जातो. हर्बी नावाचा जाडा पोरगा मागे पडतो आणि रांग लांबत जाते. शेवटी नायक हर्बीला सगळ्यांत पुढे घालतो, त्याच्या पाठीवरचं ओझं इतरांत वाटतो. रांग एकत्र येते, चालही वाढते.

हे मी रायबंदरच्या धक्क्यावर, चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी थांबून वाचलं. मग पुस्तक मिटून नुसता बघत राहिलो. मांडवी ओलांडायला लागतात थोडीच मिनिटं. खोळंबा होतो तो बोटीच्या फळीवर. एक गाडीवाला रिव्हर्स घेताना गडबडला, तर मागे चाळीस स्कूटर हॉर्न वाजवत उभ्या. बोटीचं इंजिन कितीही दणकट बसवा, त्या फळीपुढे काही चालत नाही. फेरीवरचा माणूस आधी गाड्या कडेला लावून घेतो आणि उरलेल्या फटींत स्कूटर कोंबतो. हे पुस्तक त्याच्या वाट्याला आलं नसणार, पण परीक्षेला बसला तर माझ्या निम्म्या वर्गाच्या पुढे जाईल.

दुसरं 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' (1982). हे आदर्श म्हणून वाचू नका. त्यात वाखाणलेल्या कंपन्यांत व्हिडिओ गेमवाली अटारी होती, ती वर्षभरात गाळात गेली. संगणक बनवणाऱ्या वांग कंपनीने 1992 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. यशस्वी कंपन्यांचे गुण मोजणारं कुठलंही पुस्तक हातात घेताना एवढं लक्षात असलं की पुरे.

तिसऱ्याला लोक हसतात. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र, 'निवेदन'. गोव्यातल्या साखवाळचा माणूस, शाळा अर्धवट राहिलेली, घरची नारळाची बागायत गळ्यात. एका मराठी मासिकात बुद्धावरचा लेख वाचतो काय, 1899 मध्ये घर सोडतो काय, आणि 1910 मध्ये पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला पोचतो काय! ज्या विद्यापीठाच्या केस स्टडीज आम्ही वर्गात घासतो, तेच. करिअर प्लॅनिंगवर मला तास घ्यावा लागतो, तेव्हा माझ्या मनात कोसंबीच असतात, स्लाइडवर मात्र दुसरंच काहीतरी.

पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी बघा. 'द गोल' तिथे नाही मिळालं तर माझी प्रत न्या, पण पाऊस लागायच्या आत परत करा. ओल्या हाताळणीने हर्बीची पानं आधीच फुगली आहेत.