बत्तीस पानं आणि एक वारा

गोष्ट हातात आली तेव्हा ती जेमतेम ४०० शब्दांची होती. एक मुलगी शाळेतून घरी निघते, वारा तिच्या मागे लागतो, टोपी पळवतो, वहीची पानं फडफडवतो, दोरीवरचे कपडे फुगवतो आणि शेवटी दमून तिच्याच खोलीत झोपी जातो. सावकाश, मोठ्याने वाचली तरी चार-पाच मिनिटांत संपते. चित्रं पूर्ण व्हायला मात्र वर्षातला बराचसा भाग गेला, आणि त्यातला मोठा वेळ एकाच प्रश्नाने खाल्ला: वारा काढायचा कसा?

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते असं सांगितलं की लोक ‘किती मजा!’ म्हणतात. मजा आहेच. पण नवं पुस्तक आलं की सुरुवातीला मी धड एकही चित्र काढत नाही. कागदाला घड्या घालते आणि पानं मोजत बसते. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, त्यामागे साहित्यिक कारण काही नाही. छापखान्यात मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात, त्याच्या घड्या घालून कापतात आणि त्यातून आठ किंवा सोळा पानांचा फर्मा निघतो. सोळाचे दोन फर्मे झाले की ३२. त्यातलं शीर्षकाचं पान, हक्क आणि प्रकाशकाच्या माहितीचं पान, अर्पणपत्रिका वगळली की गोष्टीसाठी साधारण बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या पानांच्या जोड्या, उरतात. चारशे शब्द चौदा ठिकाणी तोडायचे. कुठे तोडायचे, यावर अर्धं पुस्तक ठरतं.

म्हणून आधी डमी. तळहाताएवढी कोरी पुस्तिका शिवायची, मजकुराच्या चिठ्ठ्या कापून पानांवर तात्पुरत्या चिकटवायच्या, आणि स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवायचं. उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी लोंबकळत राहिलं पाहिजे, नाहीतर मूल पान का उलटेल? ‘टोपी उडाली’ हे वाक्य मी उजव्या पानावर ठेवलं आणि ती कुठे पडली हे पलीकडे ढकललं. लेखिकेने ती दोन वाक्यं एकाच ओळीत लिहिली होती. तिला फोन करून विचारलं, ती लगेच ‘हो’ म्हणाली. सगळेच लेखक असे नसतात.

या गोष्टीत दिशेचा मुद्दाही होता. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून चित्रातलं पात्र उजवीकडे निघालं की ते ‘पुढे’ जातंय असं वाटतं. मुलगी घरी चालली आहे, तेव्हा ती उजवीकडे. वारा मागून येतो, म्हणजे डावीकडून. एका जोडपानावर मात्र तो वळसा घालून समोरून येतो. तिथे सगळंच उजवीकडून डावीकडे झुकवलं, तर एक शब्द न वाचताही वाट अडल्यासारखं होतं. हा वारा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार, म्हणजे दर वेळी बांधणीची खाच ओलांडणार. खाचेत काही मिलिमीटर चित्र गडप होतं, म्हणून चेहरा, डोळे, बोटं तिथे कधीच ठेवायची नाहीत. शिवाय फर्म्याच्या बरोबर मधलं जोडपान सोडलं, तर बाकीची डावी-उजवी पानं छपाईत वेगवेगळ्या जागी असतात आणि बांधताना शेजारी येतात, त्यामुळे रेघ केसभर सरकू शकते. सोळाच्या दोन फर्म्यांत अशी अखंड जोडपानं दोनच: ८-९ आणि २४-२५. सर्वांत मोठं, कपड्यांच्या दोरीचं चित्र मी २४-२५ वर बसेल अशीच गोष्ट तोडली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग वाऱ्याची कच्ची रेखाटनं पाठवली.

पहिल्या खेपेला मी वेटोळ्या रेषा काढल्या होत्या. दुसऱ्या खेपेला गाल फुगवून फुंकणारा चेहरा. जुन्या नकाशांच्या कडेला असे वाऱ्याचे चेहरे असतात आणि मला ते फार आवडतात. संपादकबाईंनी दोन्ही परत पाठवली. ‘याला तोंड नको,’ त्या म्हणाल्या. ‘तोंड आलं की तो एक माणूस होतो आणि मग तो मुलीला त्रास देतोय असं वाटतं.’ बरोबरच होतं ते. त्यांचं बोलणं मला चार दिवस उशिरा पटतं, हे आमचं जुनंच आहे. पण तोंड नाही, अंग नाही, रंग नाही, असं पात्र चौदा जोडपानांवर मिरवायचं कसं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

अशा वेळी मी काम बाजूला ठेवते आणि खेळायला बसते. ‘खेळायला’ हा शब्द घरात थट्टेने पडला, पण आता तोच चालतो. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात या उद्योगांचा पसारा आहे. खोडरबर कोरून केलेले ठसे: त्यात एक सहा पायांचा उंट आहे, एक नुसत्या शेपटीचा प्राणी आहे. (कोरताना सगळं उलटं कोरावं लागतं, उंट डावीकडे बघायला हवा असेल तर उजवीकडे बघणारा कोरायचा.) ए-फोर कागदाला घड्या घालून मधोमध एकच काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते, तशा पुस्तिकांचा ढीग आहे. शाईचे डाग पाडून त्यांना पाय-डोळे जोडायचे, हा तर जुनाच नाद. युस्टिनुस केर्नर नावाचा एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर आणि कवी नजर अधू झाल्यावर असेच डाग घडी घालून उमटवायचा आणि त्यांवर कविता करायचा. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये छापलं गेलं. आणि फडफडवायच्या वह्या आहेत, अंगठ्याने पानं सोडली की चित्र हलतं त्या. जॉन बार्न्स लिनेट या इंग्रजाने १८६८ मध्ये या खेळण्याचं पेटंट घेतलं, म्हणजे सिनेमा यायच्या कितीतरी आधी.

माझे त्यात दोनच नियम आहेत. चांगला कागद वापरायचा नाही. नापास झालेल्या प्रिंटांच्या पाठकोऱ्या बाजूच फक्त. आणि ‘याचं पुढे काय?’ हा प्रश्न विचारायचा नाही. या खणातल्या बहुतेक गोष्टींचं पुढे काहीही झालेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. खेळातून कामाला नवं सुचतं, असं सांगणारे लोक मला जरा संशयास्पद वाटतात. सुचतं कधीकधी. पण सुचावं म्हणून खेळायला बसलं तर तो पगार नसलेला ओव्हरटाइम होतो.

त्या दिवसांत मी पातळ शाई कागदावर सांडून नळीने फुंकत होते. वाटेल की इथेच वारा सापडला. नाही. फुंकलेली शाई फांद्यांसारखी फुटत जाते. दहा कागदांवर दहा निष्पर्ण झाडं उगवली. ती मी ठेवून दिली.

सापडला तो दुसऱ्याच उद्योगात. मला त्या मुलीची कागदी बाहुली करायची होती, निव्वळ तिला नाचवायचं म्हणून. जाड कागदाचे अवयव कापले, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे इथे भोकं पाडून पितळी पिनांनी जोडले, केसांच्या जागी पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. फोन स्टँडवर अडकवून वरून एकेक फोटो घ्यायचा, हात किंचित सरकवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर दहा सेकंदांच्या नाचाला १२० फोटो लागतात. त्यातला कंटाळा मला आवडतो. तर हे चालू असताना बाहुलीला मी कंबरेतून मागे वाकवलं, पट्ट्या एका बाजूला सारल्या, आणि पडद्यावर बघते तर ती जोराच्या वाऱ्यात उभी. मी वाऱ्याची एक रेघही काढलेली नव्हती.

मग बाकीचं भराभर झालं. वारा काढायचाच नाही असं ठरलं. तो ज्याला लागतो ते काढायचं, आणि तो जिथून गेला तिथे कागद कोरा सोडायचा. प्रत्येक जोडपानावर रंग न लावलेला एक पांढरा पट्टा, कधी दोरीइतका बारीक, कधी सबंध पान व्यापणारा. त्याला शिवणारी प्रत्येक वस्तू झुकलेली. शेवटच्या पानावर हा पट्टा मुलीच्या पलंगाखाली गुंडाळून पडलेला. संपादकबाईंनी या वेळी पत्रात एकच ओळ लिहिली, ‘आता रंगवा.’

बाहुलीचा आणखी एक फायदा मला अपेक्षित नव्हता. चित्रपुस्तकात एकच मुलगी वीस-बावीस वेळा काढायची असते आणि ती दर वेळी तीच दिसावी लागते. मोठ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या साधारण साडेसात डोक्यांइतकी भरते, तान्ह्या बाळाची चार. माझी मुलगी सहा-सात वर्षांची, पण मी तिला साडेचार डोक्यांचीच ठेवली, कारण डोकं मोठं असलं की चेहरा लांबून वाचता येतो. पण दमलेल्या संध्याकाळी हात हे माप विसरतो आणि पाय लांबायला लागतात. आता संशय आला की बाहुली कागदावर आडवी ठेवायची.

रंगकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते महिने मोलमजुरीचे असतात: लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या पाटीवर, रेखाटन उतरवायचं, ३०० ग्रॅमच्या जाड कागदावर जलरंग, वर गडद जागी गुवॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. गुवॉश वाळल्यावर रंग बदलतो, फिकट छटा थोड्या गडद होतात आणि गडद थोड्या उजळतात, म्हणून शेजारी पट्टी रंगवून वाळेपर्यंत थांबायचं. चारी बाजूंनी कापायला तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवायचं. टोपी मी झगझगीत नारिंगी करणार होते, पण निळा, किरमिजी, पिवळा, काळा या छपाईच्या चार शाईंत तो झगझगाट उतरत नाही, मळकट होतो. टोपी लाल झाली. मजकूर फक्त काळ्या शाईत आणि फिकट जागेवर, अशी अट होती. छपाईत दर शाईची वेगळी प्लेट असते, त्यामुळे पुस्तक दुसऱ्या भाषेत निघालं तर बाकीच्या तीन प्लेट तशाच ठेवून काळी तेवढी बदलता येते. आणि तो मजकूर कुठल्या लिपीत, किती लांब असेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून आकाश जरा मोकळं ठेवायचं. आमच्या देवनागरीला वर-खाली मात्रा-उकार, तिला ओळींमध्ये जास्तच हवा लागते.

खरी धास्ती स्कॅनिंगची होती. फिकट जलरंग स्कॅनरमध्ये पुसट होतात, आणि उजेड वाढवून कागद पांढराशुभ्र करायला गेलं तर उरलेलेही जातात. माझं तर सगळं पुस्तकच कोऱ्या कागदावर उभं. प्रूफं, म्हणजे तपासायचे छापील नमुने, आली तेव्हा त्या पांढऱ्या पट्ट्यात काही ठिकाणी राखाडी झाक होती, म्हणजे कागदाचा पोतही छापला गेला होता. छपाईच्या माणसाला ती काढायची होती. मी ठेवायला लावली. त्या झाकेशिवाय वारा म्हणजे नुसती गाळलेली जागा झाली असती.

पैशांचं थोडक्यात. मानधन तीन हप्त्यांत आलं: करारावर सही झाल्यावर, कच्ची रेखाटनं मंजूर झाल्यावर आणि अंतिम चित्रं दिल्यावर. मूळ चित्रं माझीच राहतील आणि पुस्तकातल्या पात्रांच्या वह्या, खेळणी वगैरे काढायच्या असतील तर वेगळा करार करावा लागेल, ही दोन कलमं मी आता वाचल्याशिवाय सही करत नाही. नव्याने या कामात येणाऱ्यांनी रंगांच्या आधी ही कलमं शिकावीत असं माझं मत आहे.

पुस्तकाच्या अस्तराच्या पानांवर, म्हणजे पुठ्ठ्याला चिकटलेल्या पहिल्या आणि शेवटच्या जोडपानांवर, संपादकबाईंनी मला मोकळीक दिली होती. तिथे ती फुंकलेल्या शाईची झाडं गेली. पुढच्या अस्तरावर सरळ, मागच्यावर सगळी एका बाजूला कललेली.

मध्यंतरी एका वह्यांच्या व्यवसायाकडून खोडरबरच्या प्राण्यांची मागणी आली. बारा प्राणी हवे होते. मी ‘बघते’ म्हटलं आणि कामाला लागले, चांगला कागद काढला, ठसे नव्याने कोरले. पहिल्या दुरुस्तीत त्यांना उंटाचे दोन पाय कमी हवे होते. दुसऱ्या दुरुस्तीत नुसत्या शेपटीच्या प्राण्याला डोळे हवे होते. मागणी अवाजवी नव्हती. पैसे देणारा माणूस असं सांगणारच. मी त्यांना दुसरे बारा प्राणी नेहमीसारखे कुंचल्याने काढून दिले, ते त्यांना आवडले आणि छापूनही आले. सहा पायांचा उंट खालच्या खणात परत गेला. गेल्या आठवड्यात त्याला मी सातवा पाय कोरलाय.