परदेशात आवडीचे रेडिओ स्टेशन शोधताना : माझा अनुभव

परदेशात गेल्यावर त्या देशाचा रेडिओ ऐकायचा आणि त्यातही आपल्या आवडीचे संगीत लावणारे स्टेशन शोधून काढायचे, ही माझी जुनी हौस आहे. मला जॅझ आवडते, विशेषतः तीन-चार वादकांनी मिळून वाजवलेले संथ जॅझ, आणि त्याच्या जोडीला त्या त्या प्रदेशाचे लोकसंगीत. गाण्यांच्या याद्या फोनमध्ये असतातच, परंतु त्या आपणच केलेल्या असल्यामुळे त्यांतून अनपेक्षित असे काही हाती लागत नाही. रेडिओवर त्या संगीतात मुरलेल्या माणसाने निवडलेले ऐकायला मिळते, आणि भाषा कळत नसली तरी निवेदकाने घेतलेले वादकाचे नाव कानाला बरोबर ओळखू येते. बहुतेक देशांत हा शोध फार वेळ न घेता पूर्ण झाला. एका देशात मात्र एका ॲपने मला ज्या रीतीने अडवले, त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही, आणि तीच अडचण दुसऱ्या कोणाला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सोपा भाग आधी सांगतो. एफएम आणि डॅब प्लस (हवेतून येणारे डिजिटल रेडिओ प्रसारण) हे दोन्ही लागतील असा तळहाताएवढा रेडिओसंच मी सामानात ठेवतो. युरोपात एफएमच्या प्रसारणाबरोबर आरडीएस नावाची माहिती येते, आणि तिच्यामुळे पडद्यावर स्टेशनचे नाव तर दिसतेच, शिवाय कार्यक्रमाचा प्रकारही कळतो. या प्रकारांना क्रमांक ठरवून दिलेले आहेत : १४ म्हणजे गंभीर अभिजात संगीत, २४ म्हणजे जॅझ, २८ म्हणजे लोकसंगीत. संचावर पीटीवाय असे बटण असेल, तर त्यातून हवा तो प्रकार निवडावा. संच बाकीची स्टेशने ओलांडून त्या प्रकारावरच थांबतो. अमेरिकेत याच क्रमांकांचे अर्थ निराळे आहेत, तिथे जॅझला १४ आणि अभिजात संगीताला १५ हा क्रमांक आहे, त्यामुळे एका खंडासाठी बनवलेला संच दुसऱ्या खंडात नेला तर पडद्यावर भलताच प्रकार दिसू शकतो. काही स्टेशने तर दिवसभर एकच क्रमांक लावून ठेवतात. म्हणून पडद्यावरच्या शब्दापेक्षा कानावर अधिक विश्वास ठेवावा आणि निदान दोन रचना पूर्ण ऐकल्याशिवाय कोणत्याही स्टेशनला नापास करू नये.

आता ज्या स्टेशनामुळे हा सगळा प्रकार घडला त्याविषयी. देशाचे नाव लिहीत नाही, कारण ही अडचण कोणत्याही देशात येऊ शकते. ते स्टेशन मला रात्री उशिरा एफएमवर सापडले. दिवसा तिथे बातम्या आणि चर्चा चालत, पण रात्री अकरानंतर सलग जॅझ लागे, आणि ते अगदी माझ्या आवडीचे होते : पियानो, उभा बास, ड्रमवर ब्रश, आणि निवेदन मोजकेच. मुक्कामाच्या खोलीत ते फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात नीट लागत असे. संचाची काडी, म्हणजे अँटेना, पूर्ण उघडून खिडकीच्या चौकटीला टेकवली की आवाज स्वच्छ होई, आणि संच उचलून टेबलावर ठेवला की पियानोमागे खरखर सुरू होई. स्टेशनच्या संकेतस्थळावर असे लिहिले होते की त्यांची चोवीस तास जॅझ वाजवणारी दुसरी वाहिनी आहे, परंतु ती फक्त इंटरनेटवर, त्यांच्या ॲपमधून ऐकता येते. पुढचा प्रवास रेल्वेचा होता आणि धावत्या गाडीच्या डब्यात माझा संच फारसा चालत नाही, त्यामुळे ही वाहिनी मला हवीच होती.

ॲप उतरवून घेतले. त्याने प्रथम ईमेल, जन्मवर्ष आणि स्थानिक टपाल विभागाचा क्रमांक विचारला, आणि तो दिल्यावर स्थानिक मोबाईल क्रमांक मागितला, कारण त्यावर पडताळणीचा संकेतांक येणार होता. प्रवासासाठी घेतलेल्या माझ्या ई-सिमला (कार्डाशिवाय फोनमध्येच चालणाऱ्या सिमला) फोन क्रमांकच नव्हता, त्यात केवळ डेटा होता. नोंदणी पुढे ढकलण्याचा पर्याय पानाच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत होता. तो शोधून आत गेलो आणि जॅझच्या वाहिनीवर बोट ठेवले, तेव्हा गोल चक्र थोडा वेळ फिरले आणि करड्या पट्टीवर संदेश आला : ‘ही वाहिनी आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ मग मी त्यांची मुख्य वाहिनी लावून पाहिली आणि तिथेही तोच संदेश आला. त्याच क्षणी खिडकीपाशी ठेवलेल्या माझ्या संचावर तीच मुख्य वाहिनी वाजत होती आणि सॅक्सोफोनचा तुकडा ऐन रंगात आला होता. एकाच खोलीत हवेतून येणारे प्रसारण मला मिळत होते आणि तेच प्रसारण फोनवर मागितले तर मी त्या प्रदेशात नसल्याचे मला सांगितले जात होते.

मी त्यांच्या मदतकक्षाला लिहिले. पहिले उत्तर यंत्राने पाठवलेले होते. दुसऱ्या उत्तरात ॲप काढून पुन्हा घालण्यास सांगितले, ते मी केले. त्यानंतर फोनमधील ठिकाणाची परवानगी चालू करण्यास सांगितले, तीही चालू केली, आणि तरीही करडी पट्टी तशीच राहिली. मग पडद्याचे छायाचित्र मागितले. मी फोन आणि रेडिओसंच शेजारी ठेवून छायाचित्र काढले, ज्यात फोनवर नकाराचा संदेश आणि संचाच्या पडद्यावर त्याच स्टेशनचे नाव, ही दोन्ही स्पष्ट दिसत होती, आणि सोबत मुक्कामाच्या शहराचे नावही लिहिले. त्यावर जे उत्तर आले त्याने माझा संयम सुटला. त्यात लिहिले होते की संगीताच्या हक्कांमुळे ही सेवा देशाबाहेर देता येत नाही, आणि आपण देशात आल्यावर ती अवश्य ऐकावी. मी देशातच होतो, त्यांच्या मनोऱ्याच्या टप्प्यात होतो, आणि तसे पुराव्यासह कळवले होते. मी पुन्हा लिहिले, तेव्हा तक्रार निकाली काढल्याचा संदेश आला आणि सेवेला किती तारे द्याल असे विचारले गेले.

उलगडा माझा मलाच करावा लागला. इंटरनेटवर आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक, कोणत्या देशाचा आहे हे दाखवणारी साधी संकेतस्थळे असतात. तसे एक उघडून पाहिले, तर माझा पत्ता तिसऱ्याच एका देशाचा दिसला, जिथे मी कधी पाऊलही ठेवलेले नाही. कारण असे आहे की, रोमिंगवर चालणाऱ्या सिमचा डेटा बहुधा स्थानिक मनोऱ्यावरून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी सिम देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात, म्हणजे ते जाळे ज्या देशात असेल त्या देशात जातो आणि तिथून बाहेर पडतो. प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या ई-सिमचेही पुष्कळदा असेच असते. रेडिओचे ॲप पाहते तो हा बाहेर पडण्याचा पत्ता. फोनला उपग्रहांवरून कळणारा आपला ठावठिकाणा ते पाहत नसेल, तर परवानगी चालू केली काय आणि बंद ठेवली काय, काहीच फरक पडत नाही.

एवढे समजल्यावर पुढचे काम सोपे झाले. मुक्कामाच्या जागी वायफाय फक्त खालच्या मजल्यावर, स्वागतकक्षात चालत असे. तिथे जाऊन मोबाईल डेटा बंद केला, वायफाय जोडले, आयपी पत्ता आता त्याच देशाचा दिसतो आहे याची खात्री केली आणि ॲप उघडले. चक्र फिरलेही नाही, बास थेट वाजू लागला. दुसऱ्या दिवशी मी स्थानिक कंपनीचे सिम घेतले आणि रेल्वेच्या संपूर्ण प्रवासात ती वाहिनी ऐकली. मदतकक्षाच्या मदतीवाचून हे जमवले याचा मला आनंद आहे आणि थोडा अभिमानही आहे.

हक्कांच्या बंधनाविषयी माझी तक्रार नाही. संगीताचे हक्क देशागणिक घेतले जातात आणि त्यांचे मोल वादकांना मिळायलाच हवे. अशी बंधने इतर ठिकाणीही आहेत. पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून जगातील स्टेशने ऐकवणाऱ्या ‘रेडिओ गार्डन’वर २०२२ पासून ब्रिटनमधील श्रोत्यांना ब्रिटनबाहेरची स्टेशने लागत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, नकार देताना ‘आपली जोडणी अमुक देशातून येत असल्याचे दिसते’ असे एक वाक्य त्या करड्या पट्टीवर असते, तर मला कारण तिथेच कळले असते. ॲपला तो देश माहीत असतो, कारण त्यावरूनच तर ते नकार देते. मदतकक्षात बसणाऱ्यांनाही रोमिंगची ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

तेव्हा असा संदेश दिसला, तर सर्वांत आधी व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून आल्याचे दाखवू शकणारी सोय) चालू असेल तर तो बंद करावा, मग आयपी पत्त्याचा देश तपासावा, आणि मदतकक्षाला लिहिण्याच्या भानगडीत त्यानंतरच पडावे. ॲप नोंदणीसाठी अडून बसत असेल, तर स्टेशनच्या संकेतस्थळावर ऐकण्याची सोय आहे का ते पाहावे. तिथे पुष्कळदा नोंदणी लागत नाही. मोजून डेटा मिळत असेल, तर हेही लक्षात ठेवावे की १२८ केबीपीएसचे प्रसारण तासाला साधारण ५८ एमबी खर्च करते.

हवेतून ऐकण्यासंबंधी काही गोष्टी मागे राहिल्या. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा एफएमचा खालचा पट्टा विनाव्यापारी, शैक्षणिक स्वरूपाच्या स्टेशनांसाठी राखीव आहे, आणि जॅझ, अभिजात किंवा लोकसंगीत हवे असल्यास तिथूनच सुरुवात करावी. न्यू ऑर्लिन्सचे ९०.७ वरील डब्ल्यूडब्ल्यूओझेड आणि नेवार्कचे ८८.३ वरील डब्ल्यूबीजीओ ही दोन्ही नावाजलेली स्टेशने याच पट्ट्यात आहेत. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ पासून ९५ पर्यंत आहे, त्यामुळे ८७.५ पासून सुरू होणाऱ्या संचावर तिथली बरीच स्टेशने लागतच नाहीत. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे एनएचके एफएम टोकियोत ८२.५ वर आहे. संच घेतानाच पट्टा बदलण्याची सोय पाहून घ्यावी. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) ऐकणाऱ्यांनी स्टेशनांच्या लागोपाठच्या आकड्यांमधील ९ आणि १० किलोहर्ट्झ ही अंतरेही पाहावीत : अमेरिका खंडात १० चे अंतर असते आणि युरोप, आशिया व आफ्रिकेत ९ चे, आणि संच चुकीच्या अंतरावर असेल तर काटा स्टेशनच्या शेजारून निघून जातो.

युरोपातील काही देशांत मात्र केवळ एफएमचा संच नेऊन भागत नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद केले, आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ३१ डिसेंबर २०२४ रोजी तेच केले. या दोन्ही देशांत डॅब प्लसवर माझ्यासारख्यांची चंगळ असते. नॉर्वेत सार्वजनिक संस्थेची जॅझसाठी, अभिजात संगीतासाठी आणि लोकसंगीतासाठी स्वतंत्र वाहिनी आहे, आणि स्वित्झर्लंडच्या ‘रेडिओ स्विस जॅझ’वर बोलणे जवळजवळ नसतेच. नव्या शहरात पोहोचल्यावर डॅबचा शोध पुन्हा चालवावा लागतो, नाहीतर संच आधीच्या शहराची यादीच दाखवत राहतो. डॅबची काडी उभी ठेवावी. प्रसारण क्षीण झाले तर एफएमसारखी खरखर येत नाही. पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज येतो आणि मग एकदम शांतता पसरते.

ज्यांच्या फोनमध्ये एफएम आहे त्यांनी तारेचा इअरफोन जवळ ठेवावा, कारण ती तारच अँटेनाचे काम करते आणि बिनतारी इअरफोनने ते होत नाही. खोलीत खरखर फार असेल तर फोनचा चार्जर प्लगमधून काढून पाहावा. मध्यम लहरींवर तर हा फरक ताबडतोब कळतो.

कोणत्याही देशात सार्वजनिक प्रसारण संस्थेचे एक स्टेशन सापडले, की तिच्या बाकीच्या वाहिन्यांची नावे लगेच पाहून घ्यावीत. फ्रान्समध्ये ‘फ्रान्स म्युझिक’ अभिजात संगीतासाठी आहे, आणि १९७१ साली सुरू झालेल्या ‘फिप’वर जॅझपासून लोकसंगीतापर्यंत सर्व काही, फारसे न बोलता, एकामागोमाग एक लागते, जर्मनीत हेच काम प्रादेशिक संस्था करतात, जसे बव्हेरियातील ‘बीआर क्लासिक’. अनेक स्टेशने वाजवलेल्या रचनांची वेळेनुसार यादी संकेतस्थळावर ठेवतात. ती यादी चाळली, तर स्टेशन न ऐकताही आपल्या आवडीचा अंदाज येतो, आणि ऐकताना निसटलेले वादकाचे नावही नंतर सापडते.

स्टेशन आवडले की त्याचे नाव, ते कोणत्या आकड्यावर लागते ते आणि कार्यक्रमाची स्थानिक वेळ अशा तिन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात, कारण तोच कार्यक्रम पुढे दुसऱ्या देशातून इंटरनेटवर ऐकायचा असेल, तर घड्याळाचा हिशेब बदलतो. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास सरकवतात, आणि अमेरिकेतील बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत दोन्ही खंडांतील वेळेचा फरक नेहमीपेक्षा एका तासाने वेगळा असतो, आणि रात्री अकराचा कार्यक्रम नेमका त्याच दिवसांत हुकतो.