बॅच ११ : तुरटपणाचं मूळ सापडलं

माझ्या चॉकलेटच्या मागच्या तीन बॅच तुरट निघाल्या. कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडायची. भाजणी १२० अंशांवरून १३५ वर नेली, ग्राइंडर ४८ ऐवजी ६० तास फिरवला. तुरटपणा हलला नाहीच, वर कडवटपणा वाढला. शेवटी डिसेंबरात पुण्याहून निघून केरळमधल्या इडुक्कीतल्या दोन एकरांच्या एका सेंद्रिय कोको बागेत तीन दिवस राहून आले.

सोबत व्यापाऱ्याकडून घेतलेल्या माझ्या कोकोच्या बिया होत्या. बागेतल्या चेट्टननी (मल्याळममध्ये थोरला भाऊ) पहिल्याच संध्याकाळी त्यातल्या ५० बिया चाकूने उभ्या चिरून फळीवर मांडल्या. निम्म्याहून जास्त आतून जांभळ्या आणि घट्ट. शेजारी त्यांच्या बिया ठेवल्या : तपकिरी, आत भेगा पडलेल्या. माझ्या बिया धड आंबलेल्याच नव्हत्या. तो तुरटपणा कितीही भाजून गेला नसता.

बागेत नारळ, जायफळ, मिरी आणि त्यांच्या सावलीत कोको. फळं फणसासारखी थेट खोडाला. खाली पाचोळा आणि फोडलेल्या फळांच्या साली मुद्दाम राहू देतात, कारण कोकोच्या फुलांचं परागीभवन करणारी चिलटं त्या कुजक्या ओलाव्यातच वाढतात. काळी पडलेली रोगट फळं मात्र लगेच काढून लांब नेतात.

फळ लाकडी दांडक्याने फोडायचं. कोयता वापरला तर बी चिरते आणि बुरशी धरते. आत सीताफळासारखा पांढरा गर, त्यात तीस-चाळीस बिया. गरासकट त्या लाकडी पेटीत भरून वर केळीची पानं झाकतात. तीन पेट्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या होत्या, म्हणून थोडक्यात सगळं पाहता आलं. पहिल्या दिवसाच्या पेटीला ताडीचा गोड वास : यीस्ट साखरेचं मद्य करत होतं. तिसऱ्या दिवशीच्या पेटीला नाकात जाणारा व्हिनेगरचा वास, हात घातला तर चटका. थर्मामीटर ४७ अंश. या आंबटपणाने आणि उष्णतेने बीचा अंकुर मरतो, आतल्या पेशी फुटतात, आणि तिथेच तुरटपणा उतरून चॉकलेटच्या चवीची तयारी होते. पाचव्या दिवसाच्या पेटीतल्या बिया आतून तपकिरी व्हायला लागल्या होत्या. घरी किलोभर बिया आंबवायचा माझा बेत तिथेच सोडला. इतक्या छोट्या ढिगात ऊब टिकत नाही.

नंतर आठवडाभर उन्हात वाळवण, ओलावा साधारण ७ टक्क्यांवर येईपर्यंत. घाई केली की आंबटपणा आतच कोंडतो.

शेवटच्या रात्री तिथल्या चेचींनी (थोरली बहीण) बिया लोखंडी कढईत मंद आचेवर भाजल्या, सुपात पाखडल्या आणि अम्मिक्कल्लवर, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्यावर, वाटायला मला बसवलं. पाटा आधी निखाऱ्यांजवळ शेकला होता, नाहीतर कोको बटर सुटत नाही. पंधरा मिनिटं भुगाच होता. मग एकदम तेल सुटून लगदा चकाकायला लागला. खडीसाखर घालून तसंच खाल्लं. रवाळ, पण तुरटपणा औषधालाही नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

दोन किलो वाळलेल्या बिया आणल्या. बॅच ११ साठी एक किलो १२० अंशांवर भाजून पाखडल्यावर ७६० ग्रॅम मगज (साल निघालेले बियांचे तुकडे) मिळाला. त्यातला ७०० ग्रॅम मगज, ३०० ग्रॅम साखर, ग्राइंडरमध्ये ४८ तास. टेम्परिंग (वडी नीट घट्ट बसावी म्हणून चॉकलेट ठरावीक अंशांवर थंड-गरम करणं) : ४८ अंशांवरून २७, मग ३१. वडी कडकन तुटते, चव मनुका आणि ताकाकडे झुकणारी. उरलेल्या एका किलोची बॅच १२ पूर्ण पाट्यावर करणार आहे. आजीचा पाटा माळ्यावरून काढून घासून ठेवलाय.