तुम्ही विचारलंत म्हणून: पाय दाबताच गाडी का अडखळते?

"आयडल मस्त आहे, हायवेला एकसारखी पळते, पण अ‍ॅक्सिलरेटर पटकन दाबला की क्षणभर मरते आणि मग उचलते. पेट्रोल किती टक्के वाढवू?" जिप्सीवर स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट (पेट्रोलचे आकडे स्वतः बदलता येतात असे इंजिनाचे संगणक) बसवलेले बहुतेक जण मला हेच विचारतात. टक्का सांगण्याआधी मी स्थिर चालीचा लॉग, म्हणजे संगणकाने टिपलेली नोंद, मागतो. व्हीई टेबल (ज्यावरून पेट्रोल ठरतं तो मूळ तक्ता) त्या भागात लीन, म्हणजे पेट्रोल कमी देणारं, असेल, तर एन्रिचमेंटचे, म्हणजे पाय दाबताना द्यायच्या जादा पेट्रोलचे, आकडे कितीही फिरवा, आज जमलेलं उद्या बिघडतं.

इंजेक्टरमधून निघालेलं सगळं पेट्रोल लगेच सिलिंडरात जात नाही. काही इनटेक पोर्टच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर थर धरून बसतं. स्थिर चालीत जेवढं चिकटतं तेवढंच उडून आत जातं, हिशेब जुळतो. थ्रॉटल एकदम उघडला की मॅनिफोल्डमधला दाब चढतो, त्या दाबाखाली पेट्रोलची वाफ कमी होते आणि थर जाड व्हायला लागतो. हवा आत पोचलेली असते, पेट्रोल मात्र भिंतीवर अडकतं. ती तूट तेवढ्यापुरती भरायची. कार्ब्युरेटरमध्ये हे काम अ‍ॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी करायची. १९८१ मध्ये फोर्डमधल्या अक्विनो यांनी या थराचं गणित मांडलं: चिकटणारा वाटा एक्स, उडायला लागणारा वेळ टाऊ. साध्या टीपीएसच्या (थ्रॉटल किती उघडला ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) तक्त्यावर काम करतानाही मी डोक्यात हे दोनच आकडे ठेवतो.

आधी उंबरठा, म्हणजे थ्रॉटल किती वेगाने उघडला की जादा पेट्रोल सुरू व्हावं तो आकडा. पाय स्थिर असतानाही टीपीएसचा आकडा थोडा नाचतो. त्या नाचण्याच्या वर उंबरठा ठेवा, नाहीतर गाडी विनाकारण पेट्रोल पीत राहील. मग इंजिन पूर्ण गरम, मोकळा सपाट रस्ता, तिसरा गिअर, २००० आरपीएम. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, तुमचं लक्ष रस्त्यावर. पाय आधी हळू दाबा, मग जरा झटक्यात. पाय दाबण्याच्या प्रत्येक वेगाचा रकाना वेगळा भरा. दाबल्या दाबल्या लीन झाली तर जादा पेट्रोलचं प्रमाण वाढवा. सुरुवात चांगली होऊन नंतर लीन झाली तर प्रमाणाला हात लावू नका, कालावधी वाढवा.

इथे वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन बघून मिश्रण सांगणारा सेन्सर) फसवतो, आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. एक तर तो उशिरा बोलतो: १००० आरपीएमला एक पूर्ण चक्रच १२० मिलिसेकंदांचं असतं, शिवाय धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे अति रिच होऊन, म्हणजे पेट्रोल फार जास्त होऊन, मिसफायर झाला, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो "लीन" म्हणतो. माणूस आणखी पेट्रोल ओततो. म्हणून शंका आली की मी आकडा आधी कमी करून बघतो. गचका वाढला तरच वाढवतो.

वरच्या आरपीएमला ही भर बरीच उतरवा. ६००० ला चक्र २० मिलिसेकंदांचं होतं, तूट लगेच भरते. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास आहे; लॅम्डात बघा (त्यात आदर्श प्रमाण नेहमी १), गोंधळ होत नाही. थंड इंजिनाची भर वेगळी, कारण थंड पोर्टवर थर जाड बसतो. तो तक्ता दुपारी भरता येत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टपासून लॉग घ्या.