फोटोखालची ओळ

७ ऑगस्ट २०१९, बुधवार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर वाहत होती. आमच्याकडं ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. कोल्हापुरात पूर बघायला जायची रीतच आहे; लहानपणी मीही आजोबांच्या खांद्यावर बसून घाटाचं पाणी बघितलंय. पण त्या दिवशी बघायला आलेल्या गर्दीमुळं रुग्णवाहिका अडकत होत्या, आणि हातात मोबाइल धरून पाण्याकडं पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसांचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

मी एका दैनिकाच्या छायाचित्र विभागात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपवर होतो. सहावा आठवडा चालू होता. तोवर सत्कार, उद्घाटनं, रक्तदान शिबिरं आणि रस्त्यातले खड्डे एवढंच केलं होतं. त्यात एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवली गेली होती. स्टेजवरच्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडं, ओळीनं लिहून आणायची. एखाद्या पदाधिकाऱ्याचं नाव गळलं तर सकाळी नऊच्या आत ऑफिसात फोन येतो. ही सवय मला स्टेजपुरतीच लागली होती, हे त्या बुधवारी कळलं.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्यात होती. १९८९ च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला जागा मिळाल्या, तरी शेती आणि गोठे जुन्या गावात, म्हणून माणसंही तिथंच. जनावरं सोडून निघायला कुणी तयार नव्हतं. आदल्या दिवसापासून बोटीनं एकेकाला बाहेर काढणं चाललं होतं. बोटी जिथं काठाला लागत होत्या तिथं विभागातले ज्येष्ठ छायाचित्रकार आणि मी उभे होतो. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

पावसात काम कसं करायचं ते दादांनी आधीच शिकवलं होतं. कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी धुऊन, तिचा तळ कापून चढवायची आणि लेन्सच्या हुडावर रबर लावायचं. बोट हलते, माणूसही हलतो, म्हणून शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली न्यायचा नाही. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० वर गेला तरी चालेल. आभाळ पांढरं असलं की कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे पडतात, म्हणून एक्स्पोजर जवळजवळ एक स्टॉप वर, म्हणजे उजेड जवळजवळ दुप्पट, ठेवायचं. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. स्क्रीनवर जी सावली छान दिसते, तिचा छापताना डाग होतो. केशरी लाइफ जॅकेटचा रंग हनुवटीवर चढतो, तो संगणकावर उतरवायला लागतो. हे सगळं मी त्या दिवशी नीट केलं. सकाळी ऑफिसातल्या वातानुकूलित खोलीतनं दमट हवेत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढला नाही, थंड काचेवर वाफ धरते म्हणून अर्धा तास पिशवीतच ठेवला. इतकी काळजी मी यंत्राची घेतली.

फोटो असा होता. बोटीच्या कडेला सत्तरीची एक म्हातारी, नऊवारीचा पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, आणि मुठीत दावं. नुसतं दावं. दुसऱ्या टोकाला काही नाही. पाणी गोठ्यात शिरल्यावर तिनं म्हशी सोडून दिल्या होत्या आणि दावं तेवढं हातात राहिलं होतं. मी लागोपाठ सहा फ्रेम घेतल्या. चौथ्या फ्रेमच्या सुमाराला तिचं माझ्याकडं लक्ष गेलं.

“नगं रं काढू फोटू, बाळा. म्हसरं सोडून आलोय मी.”

मी कॅमेरा खाली घेतला. पण तोवर फोटो मिळालेला होता, आणि तो मिळालाय हे मला आतून कळलेलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. नाव विचारावं तर ती पुन्हा ‘नको’ म्हणेल, ही भीती होती. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की बाईला त्रास नको. खरं कारण भीतीचं होतं.

दहा मिनिटांनी दुसरी बोट लागली. एक बोट चिखलीची, एक आंबेवाडीची. संध्याकाळी कार्ड रिकामं करताना मी दोन्ही बोटींचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि फायलींना आठवेल तशी नावं दिली. म्हातारीच्या फोटोखाली लिहिलं: आंबेवाडीतील पूरग्रस्त महिला, आणि पुढं दुसऱ्या बोटीतली माणसं जिथं नेली त्या मंगल कार्यालयाचं नाव. डेस्कवरच्या उपसंपादकांनी त्यावर डोळ्यांतल्या महापुराचा मथळा चढवला. मला तो अजिबात आवडला नाही, ती रडत नव्हती. पण गाव बरोबर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तपासलं नाही. आठवी तारीख, पहिलं पान, चार कॉलम. सकाळी मी तो अंक आईला दाखवला.

साडेनऊला ऑफिसात फोन आला. वाशीच्या मार्केटात माथाडी काम करणारा माणूस. फोटोतली बाई त्याची आई होती. तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता, शिरोलीला महामार्गावर पाणी असल्यानं गाड्या बंद होत्या, त्याला निघताही येत नव्हतं. कुणीतरी मोबाइलवर पान पाठवलं होतं. तो रडत होता आणि आभार मानत होता. फोन मलाच दिला गेला, कारण फोटो माझा. मी त्याला मंगल कार्यालयाचं नाव सांगितलं.

दुपारी एकला पुन्हा त्याचाच फोन. शहरातला पाहुणा कमरेएवढ्या पाण्यातनं तिथं जाऊन आला होता. आई तिथं नव्हती, आणि आंबेवाडीच्या माणसांनी आमच्यात अशी बाईच नाही म्हणून सांगितलं होतं. त्यानं मला विचारलं, “साहेब, फोटो कालचाच हाय न्हवं?” मी ‘हो’ म्हणालो, आणि मग फायलींच्या वेळा बघितल्या. तिच्या फ्रेमच्या आधी अन् नंतर चिखलीचीच माणसं होती.

दादा रागावले नाहीत. गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, “चल.” वाटेत एवढंच बोलले, “वहीत आधी नाव, गाव, कुठनं आली, कुठं निघाली. मग पुढचा क्लिक.” पेट्रोल मिळत नव्हतं, रस्ते तुटलेले. चार निवारा केंद्रं फिरलो. सातच्या सुमाराला एका शाळेच्या तिसरीच्या वर्गात ती सापडली, भिंतीला टेकून बसलेली. दावं शेजारी गुंडाळून ठेवलेलं.

मी तिला पहिल्यांदा नाव विचारलं. ते मी इथं लिहीत नाही. मग माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावून दिला. ती त्याच्याशी बोलली ते सगळं म्हशींबद्दल. फोन परत देताना माझ्याकडं बघून म्हणाली, “तूच न्हवं तो, बोटीपाशी?” मी मान हलवली. ती पुढं काही बोलली नाही.

चूकदुरुस्ती तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली, तीन ओळींची. इंटर्नशिपच्या शेवटी मिळालेल्या शेऱ्यात त्याच फोटोचं कौतुक होतं.

त्या दिवसाचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वेळेवर नाव विचारलं असतं तर तो मुलगा साडेनऊ ते सात असा तळमळला नसता. पण नाव विचारल्यावर ती ‘नको’ म्हणाली असती, मी फोटो दिला नसता, आणि मग आई जिवंत आहे हे त्याला कळायला आणखी किती दिवस लागले असते?

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हा मी नोकरीवर होतो आणि खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही होती. गाठोडं घेऊन उतरलेल्या एका बाईंना मी कॅमेरा खाली ठेवून आधी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “फोटो नको.” मी वही मिटली आणि बाजूला झालो. त्यांचं कुणी लांब कुठं असेल का, त्यांचा फोन लागत असेल का, हे विचारायचं राहून गेलं.