दूध एक, पिक्चर साडेसहा

२०२४ च्या जूनमधली गोष्ट आहे. दूधवाले काका महिन्याचा हिशोब करायला दारात उभे, आणि नवरा कालनिर्णयवरचे आकडे मोठ्याने वाचतोय, एक, एक, दीड, एक, साडेसहा. साडेसहा म्हटल्यावर काका पण थबकले. "साहेब, सतरा तारखेला साडेसहा लिटर? घरात काही कार्य होतं का?" कार्य कसलं, बकरी ईदची सुट्टी होती, बँक बंद, दुपारी लोळत तैवानचा एक पिक्चर बघितला, त्याला दहापैकी साडेसहा दिले आणि हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून कॅलेंडरवरच लिहून टाकले. काका सरळमार्गी म्हणून वाचलो, नाहीतर साडेपाच लिटर दुधाचे पैसे त्या दिवशी गेलेच होते. तेव्हापासून आमच्या घरात दूध निळ्या पेनने आणि पिक्चर लाल पेनने असा करार आहे.

लाल पेन बाबांकडून आलंय. ते सोलापुरात शाळेत मास्तर होते आणि घरात कायम पेपरांचे गठ्ठे, त्यामुळे कुठलीही गोष्ट नुसती आवडून मला भागतच नाही, किती आवडली ते आकड्यात लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

मी बघते त्या प्रेमाच्या मालिका आणि पिक्चर बहुतेक तैवानचे. आता तैवानच का, हे सगळे विचारतात. खरं सांगायचं तर चुकून. २०१० ला पुण्यात होस्टेलवर होते, तेव्हा एक पेनड्राइव्ह मजल्यामजल्यावर फिरायचा आणि त्यात 'कोरियन नवीन' नावाचा फोल्डर होता. मी महिनाभर रात्री जागून ती मालिका कोरियन समजून बघितली, मैत्रिणींना दोन-चार कोरियन शब्द पण शिकवले. माझी रूममेट इंफाळची. मणिपूरमध्ये कोरियन मालिका आपल्याकडच्या खूप आधी घराघरात पोचलेल्या, तिने एकदा अभ्यास करता करता नुसते कान टवकारले आणि म्हणाली, हे कोरियन नाहीये, आणि नवीन पण नाहीये. खरंच नव्हतं. ते होतं 'मीटिअर गार्डन', तैवान, साल २००१, गोष्ट मूळची जपानी कॉमिकमधली. हीच गोष्ट पुढे जपानने केली, कोरियाने केली, २०१८ मध्ये चीनने पण केली, पण टीव्हीवर खऱ्या नटांची मालिका म्हणून पहिल्यांदा केली ती तैवानने. म्हणजे आपण ज्याला कोरियन लाट वगैरे म्हणतो ती आपल्यापर्यंत पोचायच्या आधी फिलिपिन्सपर्यंत लोकांना वेड लावलं होतं या चार लांब केसांच्या पोरांनी, ज्यांना एफ-फोर म्हणायचे.

गोष्ट काय तर श्रीमंत पोरांचं कॉलेज, त्यात शानत्साय नावाची गरीब घरची मुलगी, आणि दाओमिंग स नावाचा गुंड नायक ज्याचे केस अननसासारखे. तो कुणावर चिडला की त्याच्या लॉकरवर लाल चिठ्ठी लागते आणि मग सगळं कॉलेज मिळून त्या पोराचं जगणं नको करून सोडतं. आपल्याकडे हा मुलगा पहिल्याच एपिसोडला अँटी-रॅगिंग कमिटीपुढे उभा राहिला असता आणि मालिका तिथेच संपली असती. मी दहापैकी चार दिले. आणि आजवर ती अख्खी मालिका तीनदा बघितलीये. एका पिक्चरला साडेआठ दिले तर तो एकदाच बघितला, परत बघायचं मनातही आलं नाही, आणि चारवाली तीनदा. या हिशोबाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अशा मालिकांना तिकडे आयडल ड्रामा म्हणतात. मी त्याचा अर्थ असा लावते की चेहऱ्याची गॅरंटी आमची, अभिनयाचं तुमचं तुम्ही बघा. त्यांच्यासाठी माझं निगेटिव्ह मार्किंग ठरलेलं आहे. नायकाने मनगट धरून फरफटत नेलं की पाव मार्क कट. (मीटिअर गार्डनमध्ये मी मोजायचं सोडून दिलं.) मुलाच्या आईने पैसे पुढे करून 'माझ्या मुलाला सोड' म्हटलं की अर्धा. स्मरणशक्ती गेली तर सरळ एक. आणि नायिका शेवटच्या टप्प्यात परदेशी निघून गेली आणि नवीन हेअरकट करून परत आली की मी पेन खाली ठेवून चहा टाकायला उठते. 'फेटेड टू लव्ह यू' बघताना असंच झालं. २००८ ची मालिका, तिकडे तिने प्रेक्षकसंख्येचे विक्रम मोडलेले. सुरुवात काय सुंदर आहे, नायिका ऑफिसमधली अशी मुलगी की जिला सगळे स्टिकी नोटसारखं वापरतात, हवी तेव्हा चिकटवायची, काम झालं की फेकायची. प्रत्येक ऑफिसात अशी एक असतेच, आमच्या शाखेत पाच वर्षं ती मीच होते, त्यामुळे अर्ध्यापर्यंत साडेसात मार्क पक्के होते. मग ती शांघायला गेली. चहा टाकला.

पण मला या सगळ्यात आवडतं काय, तर प्रेम नाही. प्रेम ठीकच असतं. आजूबाजूचं आवडतं. खाली दुकान, वर घर, दुकानात बाप नूडल्स उकळतोय आणि पोरगी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून रडत रडत खातेय, बाप विचारत नाही काय झालं, अजून एक अंडं टाकतो फक्त. घरातली तरुण मंडळी मँडरिनमध्ये बोलतात आणि आजीकडे वळली की भाषा बदलते, तैवानी होकियन सुरू होते, आणि मला एक अक्षर कळत नसताना कळतं की आता सूर घरगुती झाला. माझा नवरा फोनवर आजीशी मालवणीत बोलायला लागला की असाच दोन इंच खाली बसतो.

आणि स्कूटर! तैवानची लोकसंख्या सव्वादोन कोटीच्या वर आणि दुचाक्या १ कोटी ४० लाखांच्या आसपास, म्हणजे पुणेकराला आपलंच गाव वाटावं. सिग्नलला स्कूटरचा लोंढा उभा, त्यात मध्येच आपले नायक-नायिका. तिथला रोमान्सचा सगळ्यात भारी सीन म्हणजे किस नाहीच, हेल्मेट. तो तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवतो, हनुवटीखाली पट्टा ओढतो, टक्क आवाज येतो. त्या टक्क आवाजाला मी नेहमी अर्धा मार्क जादा देते. पुण्यात हेल्मेट हा रोमान्सचा नाही तर आंदोलनाचा विषय आहे हे मान्य, तरी मी एकदा नवऱ्याला म्हटलं लाव ना माझा पट्टा, तर त्याने गळ्याची कातडी चिमटीत पकडून लावला. वर विचारतो, आलं का फीलिंग.

घंटागाडी पण आहे त्यांच्याकडे. कचऱ्याची गाडी बेथोवेनची धून वाजवत येते आणि गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन धावतात, विस्कटलेले केस, घरातल्या चपला. आमच्या सोसायटीत घंटागाडीपाशी आजवर कुणाचं जमलेलं नाही, पण तिथे कुणीही कुणाला गाऊनवर बघून घेतं हे मात्र खरं. त्यानंतर मेकअप करून इंप्रेशन मारण्यात काही अर्थ उरत नाही.

आता त्या साडेसहाबद्दल. पिक्चर होता 'माय मिसिंग व्हॅलेंटाइन', २०२० चा, दिग्दर्शक चेन यू-श्युन, त्या वर्षीचा गोल्डन हॉर्सचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या सिनेपुरस्कारांचा, सर्वोत्कृष्ट चित्रपट. नायिका पोस्टात काउंटरवर बसते. मी बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच मी विकली गेले. ही मुलगी सगळ्यांच्या एक ठोका पुढे, फोटोत क्लिकच्या आधी डोळे मिटणार, थिएटरात जोक व्हायच्या आधी हसणार. आणि एक बस ड्रायव्हर आहे तो सगळ्यात एक ठोका मागे, रोज तिच्याच काउंटरवर पत्र टाकायला येणारा. एक दिवस ती उठते तर व्हॅलेंटाइन डे गायब, सरळ दुसरा दिवस उजाडलेला आणि अंग उन्हाने भाजलेलं. पुढे कळतं की हळू माणसाचे आयुष्यभर साठलेले सेकंद त्याला एक अख्खा दिवस म्हणून परत मिळालेत, बाकी जग थिजलेलं आणि तो हलतोय. फिक्स डिपॉझिट मॅच्युअर झाल्यासारखं. ही कल्पना ऐकून मी साडेआठ लिहिले होते.

पण तो त्या दिवशी करतो काय, तर थिजलेल्या तिला बसमध्ये घालून समुद्रावर नेतो, उभी करतो, हात असे, डोकं तसं, आणि फोटो काढतो. नवरा म्हणे किती गोड. मी म्हटलं, गोड काय, तिला विचारलं का कुणी? तो म्हणे अगं तो तिला काही करत नाही, नुसता शेजारी बसतो. मी म्हटलं, रोज ठरल्या वेळी काउंटरवर येऊन बघत बसणारा माणूस काचेच्या आतून कसा दिसतो ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. यावर तो गप्प झाला, पोळी तव्यावर करपली, आणि रात्री झोपताना म्हणाला, तरी पण त्या बापाचं काय? बाप म्हणजे तिचा बाप, जो ती लहान असताना गोड टोफू आणायला म्हणून बाहेर पडतो आणि परत येतच नाही. त्या बापाचं मला पण काही सुचलं नाही. साडेआठ खोडून साडेसहा केले, नवऱ्याचे नऊ वेगळे लिहायला चौकटीत जागा नव्हती.

बाकी एक गोष्ट मी खूप उशिरा पाहिली, ती म्हणजे यांच्या रोमँटिक कॉमेडीत भूकंप येतो. 'इट स्टार्टेड विथ अ किस', २००५, त्यात भूकंपाने नायिकेचं नवंकोरं घर पडतं आणि बापलेक राहायला जातात ते नेमके नायकाच्या घरी, आणि तिथे नायकाची आई यांचं जमवायला पदर खोचून तयार. सगळं हसण्यावारी. मग २०११ चा तो अ‍ॅपलवाला पिक्चर, 'यू आर द अ‍ॅपल ऑफ माय आय', शाळेतलं प्रेम, मागच्या बाकावरून ती पेनने टोचते आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर निळे ठिपके. हसत हसत बघतेय तर मध्येच २१ सप्टेंबर १९९९ ची रात्र येते, तैवानचा खराखुरा मोठा भूकंप, दोन हजारांवर माणसं गेलेली. आणि भांडून बोलणं टाकलेला तो पोरगा अंधारात फोनची रेंज शोधत पळतो, ती ठीक आहे ना एवढंच विचारायला. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, इंग्रजी सबटायटल ती वाचत नाही, पण त्या सीनला म्हणाली, "भूकंप ना हा? किल्लारीला अस्संच झालेलं." १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, सोलापुरात सगळे अंगणात, मी तीन वर्षांची आणि चादरीत गुंडाळलेली. बाबा तेव्हा माझ्या मामाच्या घरी धावत गेले होते म्हणे, ज्याच्याशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. पिक्चर पुढे सरकला, आम्ही मागेच राहिलो. पुढच्या दिवशी परत लावून बघितला, आठ.

सगळ्यात जास्त मार्क मात्र 'इन टाइम विथ यू'ला. २०११ ची मालिका, तिकडचे टीव्हीचे गोल्डन बेल पुरस्कार सात. शाळेपासूनचे दोन मित्र, ती चपला-बुटांच्या कंपनीत साहेबीण, तो विमानतळावर ग्राउंड स्टाफ, तिशी आलीये आणि पैज लावलीये की पस्तिशीच्या आत आधी लग्न कुणाचं. त्यात म्हातारपणाची सुरुवातीची लक्षणं असा एक प्रकार आहे, एपिसोडमागून एपिसोड ती लक्षणं मोजली जातात, जुनं सगळं लख्ख आठवतं आणि आत्ताचं विसरतं वगैरे. मी पंचविशीत बघितलं तेव्हा खदाखदा हसले होते. परवा परत लावलं तर दुसऱ्याच एपिसोडला झोप लागली, हे पण बहुतेक त्या यादीत असेल. नऊ. एक मार्क कापला कारण तो मुलगा फारच समजूतदार आहे, इतका समजूतदार माणूस जगात असेल तर त्याने आधी येऊन आमचं कर्जाचं काउंटर सांभाळून दाखवावं.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, तीन तारखेला, जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर बातमी आली की बार्बी श्यू गेली. मीटिअर गार्डनमधली शानत्साय. कुटुंबाबरोबर जपानला फिरायला गेली होती, फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया, वय ४८. माझ्या डोक्यात ती अजून लॉकरवरची लाल चिठ्ठी हातात धरून उभी होती. मी इंफाळच्या रूममेटला मेसेज केला, पंधरा वर्षांत आमचे चार-पाचच मेसेज झाले असतील, तिचं लगेच उत्तर आलं, तिने पण बातमी वाचली होती. मग तिने विचारलं, ते कोरियन शब्द अजून लक्षात आहेत का तुझ्या.

रात्री पहिला एपिसोड लावला. तेच अननसाचे केस, तोच सगळा आचरटपणा, आणि तिने त्याला सगळ्यांसमोर ठणकावणं. नवरा कॅलेंडरपाशी उभा, दोन्ही पेनं हातात.

"लाल किती?"

"दूध लिही," म्हटलं. "एक."